डाव्या स्टिअरिंगची गाडी

कुवेतच्या वाळूत जालिंदर देवकत्यानं चार वर्षं जी गाडी हाकली, ती आपली नव्हती हे त्याला मुंबईच्या बंदरात कळलं.

जालिंदर मूळचा भीमाकाठच्या बोरवाडीचा. उजनीच्या धरणात गाव जाणार हे ठरलं तेव्हाच तो सोलापुरात आला होता. भवानी पेठेत एक खोली, चादरीच्या व्यापाऱ्याकडं ट्रकवर ड्रायव्हरकी, आणि बायको मुक्ताबाई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला. चौऱ्याहत्तर साली मुंबईचा एक माणूस आखातासाठी ड्रायव्हर गोळा करत फिरत होता. जालिंदरनं गाडी चालवून दाखवली आणि पासपोर्ट काढून तो कुवेतला गेला. तेल शोधणाऱ्या कंपनीत त्याला जी गाडी मिळाली ती लँडरोव्हर.

गाडी त्या वेळीही जुनीच होती. चौकोनी, वाळूच्या रंगाची, दाराच्या बिजागऱ्या बाहेर दिसणाऱ्या, जादा चाक बॉनेटवर. पहिल्या दिवशी ती त्याला पत्र्याच्या पेटीसारखी वाटली. मग एके दिवशी वादळ उठलं. गोऱ्या इंजिनिअरांच्या तीन नव्या गाड्या पोटापर्यंत वाळूत रुतल्या. जालिंदरनं पिवळी मूठ दाबली, तशी पुढची चाकंही ओढायला लागली. तांबडी मूठ मागं ओढली, आणि गाडी म्हशीनं चिखलातून निघावं तशी, घाई न करता, टेकाड चढून पलीकडं उतरली. त्या दिवसापासून तो दुसऱ्या गाडीला हात लावेना. तिचं तेल तो बदलायचा, तिच्या काचा तो पुसायचा, आणि मुक्ताबाईला पाठवलेल्या पत्रात अर्धं पान तिचंच असायचं.

त्याच सुमारास थोरल्या भावाची, धोंडीरामची, पत्रं यायची. जुनी बोरवाडी सोडून सगळे माळावरच्या नव्या बोरवाडीत गेले होते. घरं झाली, पण रस्ता नव्हता. जुना सरळ रस्ता पाण्याखाली जायच्या बेतात होता आणि नवा कुणी केला नव्हता. एसटी हमरस्त्यावर थांबायची. तिथून पुढं सगळी काळी माती. पावसाळ्यात बैलगाडीचं चाक आसापर्यंत बुडायचं. धोंडीरामची बायको पारूबाई तीन म्हशींचं दूध डोक्यावर घेऊन हमरस्त्यावर जायची, आणि निम्म्या वेळा तिथं पोचेपर्यंत डेअरीची गाडी निघून गेलेली असायची. पारूबाई ते दूध विरजायची. पण विरजून तरी किती विरजणार?

कुवेतातल्या खाटेवर पडून जालिंदर हे वाचायचा आणि त्याच्या डोळ्यांपुढं ती काळी माती आणि ती पिवळी मूठ एकत्र यायची. एवढं सरळ होतं. गावाला जे पाहिजे ते आपण रोज हाकतोय.

कंपनीनं अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये जुन्या गाड्या काढून टाकल्या, तेव्हा त्यानं शेवटच्या हिशेबाऐवजी लँडरोव्हर मागून घेतली. मेसमधला एक जण म्हणाला, कायमचा परत जाणारा माणूस आपली वापरलेली गाडी घेऊन जाऊ शकतो, फक्त ती वर्षभर वापरलेली पाहिजे. जालिंदरला हसू आलं. वर्षभर कसलं, चार वर्षं. तो डिसेंबरात निघाला. पाठोपाठ गाडी बोटीनं आली.

"गाडी तुमच्या नावावर कधी झाली?" कस्टमच्या साहेबांनी विचारलं. माणूस शांत होता, चष्मा पुसत बोलत होता.

"गेल्या जूनमदी."

"आता जानेवारी आहे. म्हणजे वर्ष झालेलं नाही."

"सायेब, मी चार वर्सं हाकलीया ती. कुटं काय वाजतंय ते मला झोपंत बी सांगता येतंय."

"हाकली कंपनीची. ही सवलत मालकाला आहे, ड्रायव्हरला नाही. वर्षभर नावावर आणि वापरात, दोन्ही पाहिजे. नाहीतर आयात परवाना लागतो. परवाना आहे?"

परवाना नव्हता. असा परवाना असतो हेही जालिंदरला माहीत नव्हतं. पाच महिने आणखी तिथं काढले असते तर भागलं असतं, हे त्याला त्या टेबलापुढं उभं राहून कळलं, आणि त्याला मेसमधल्या त्या माणसापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

बंदराच्या बाहेर त्याला एक दलाल भेटला. माल सोडवून देण्याचा त्याचा धंदा होता, पांढरा बुशशर्ट, बोलणं गोड. तो म्हणाला, "यात घाबरण्यासारखं काही नाही. लिहून द्या की कंपनीनं गाडी तुम्हाला सत्त्याहत्तरमध्येच तोंडी दिली होती, कागद मागून झाला. सगळे असंच लिहितात."

"पर तसं झालं न्हाय की."

"गाडी पाहिजे का नको?"

जालिंदरनं सही केली. धक्क्यावर उभ्या गाडीचं भाडं रोज चढत होतं आणि सोलापूर-मुंबई खेटे घालून तो टेकीला आला होता.

सुनावणीला वेगळे साहेब होते. त्यांनी कागद वाचला आणि साधाच प्रश्न विचारला. "तोंडी व्यवहार झाला तेव्हा समोर कोण होतं?"

दलालानं हे शिकवलं नव्हतं. जालिंदरनं त्याच्याकडं पाहिलं, दलालानं खिडकीकडं पाहिलं. मग जालिंदर म्हणाला, "कोन न्हवतं. तसा येव्हार झालाच न्हवता, सायेब. मी नुसती सही केली."

खरं बोलून आपण सुटू असं त्याला क्षणभर वाटलं होतं. निकाल आला तो असा: परवान्याशिवाय आणली म्हणून गाडी जप्त. दंड भरून सोडवून घेता येईल. खोटं लिहून दिल्याचा दंड निराळा. वर जकात. आणि सोडवली तरी पाच वर्षं ती विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, तसा बाँड लिहून द्यायचा.

भवानी पेठेतल्या खोलीत मुक्ताबाईनं हे सगळं ऐकून घेतलं. कुवेतच्या पैशातून शहराच्या कडेला जागा घ्यायची असं दोघांचं ठरलं होतं.

"सोडून द्या तिला तितंच," ती म्हणाली. "सरकार घिऊ द्या."

"एवडं झाल्यावर?"

"एवडं झाल्यावरच म्हनतीया."

तिनं भांडण केलं नाही. सकाळी डबा घेऊन कारखान्यात गेली, आणि जागेचे पैसे गाडीला गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलत होती, आणि जालिंदरला तिनं ओरडलेलं परवडलं असतं.

मे महिन्यात गाडी सुटली. धक्क्यावर महिनोन्‌महिने उभी राहून तिच्यावर खारट थर चढला होता, बॅटरी मेली होती. जालिंदरनं ती दोन दिवस खटपट करून जिवंत केली. तात्पुरता नंबर लावून तो घाटातून वर आला, तेव्हा त्या सगळ्या सालातला एकच आनंदाचा दिवस त्याला मिळाला. घाटात ट्रक उभे राहून धापा टाकत होते. ही आपली गुरगुरत चढत राहिली. लोक वळून बघायचे, ड्रायव्हर डावीकडं बसलाय हे पाहून पुन्हा वळायचे. तो थेट नव्या बोरवाडीला गेला. धोंडीराम चाकापासून टपापर्यंत बघत म्हणाला, "लोखंड लई हाय की रं हिला."

"लोखंड न्हाय दादा, अल्युमिनियम. गंजत न्हाय."

जूनच्या शेवटाला, माती लोण्यासारखी झाल्यावर, त्यानं पहिल्यांदा दुधाच्या किटल्या नेल्या. पारूबाई पुढं बसली होती, दोन्ही हातांनी दार धरून. गाडी कुठं थांबली नाही. डेअरीची गाडी यायच्या आधी ते हमरस्त्यावर पोचले, आणि पारूबाईला तिथं नुसतं बसून राहायला वेळ मिळाला. आठ दिवसांत सगळ्या गावाच्या किटल्या येऊ लागल्या. लोक म्हणाले, आम्ही डिझेलचं बघतो, वर तुला काय ते देतो.

पण नोंदणी व्हायची होती. भवानी पेठेत शेजारी शिवयोगी म्हणून गृहस्थ राहायचे. आरटीओतली कामं करून देण्यावर त्यांचं घर चालायचं. सरळ माणूस. त्यांनी जालिंदरचे सगळे कागद चहा निवेपर्यंत वाचले.

"देवकते, ही किटल्यांची भानगड कोणी सांगितली तुम्हाला?"

"गावाचं दूध हाय. नासतंय."

"पैसे घेता ना? मग ते भाडं झालं. बाँडमध्ये काय लिहून दिलंय? कुणी अर्ज केला तर गाडी परत जप्त. आणि खासगी नोंदणीच्या गाडीनं भाडं मारता येत नाही ते वेगळंच."

ज्यासाठी गाडी आणली तेच काम करायचं नाही, असं लिहून देऊन त्यानं ती सोडवली होती. भाडं म्हणजे किटल्यांचे पैसेही, हे त्या इंग्रजी बाँडवर सही करताना त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. दलाल म्हणाला होता, नेहमीचा मजकूर आहे.

"फुकट नेलं तर?"

"फुकट न्या. पण आधी नंबर घ्या."

आरटीओच्या साहेबांनी गाडीभोवती फिरून पाहिली. डाव्या स्टिअरिंगला वळण दाखवायचे दिवे चालू पाहिजेत म्हणाले. जालिंदरनं ते दुपारीच बसवले. मग साहेबांनी चासीवरची नंबराची पट्टी पुसली, कागद पाहिला, परत पट्टी पाहिली. पट्टीवर तीन होता तिथं कागदावर आठ होता. दलालानं अर्ज टाईप करताना चूक केली होती आणि त्या अर्जावरूनच पुढचे सगळे कागद झाले होते.

"ही ती गाडी नाही," साहेब म्हणाले.

"सायेब, हीच हाय. दुसरी कुटली आसंल? सोलापुरात आशी दुसरी हाय का?"

"असेलही हीच. कागदावर नाही. मुंबईहून दुरुस्ती आणा."

दलालाची खोली मुंबईत बंद होती. शेजारच्यांनी सांगितलं, तो कुठं गेला माहीत नाही. जालिंदरनं स्वतः अर्ज दिला. त्याला सांगण्यात आलं की तपासणी होईल, उत्तर घरी येईल. उत्तर आलं नाही. तो पुन्हा गेला, पुन्हा अर्ज दिला. तात्पुरत्या नंबरची मुदत संपली. तरी तो माळावरून हमरस्त्यापर्यंत किटल्या नेत राहिला, आता फुकट, आणि श्रावणात एका सकाळी हमरस्त्याच्या तोंडाशी फौजदारानं त्याला थांबवलं. बिननंबराची विलायती गाडी, डावीकडं ड्रायव्हर, आत दूध. फौजदाराला ही चोरीची किंवा त्याहून मोठ्या भानगडीची वाटली, यात त्याचा तरी काय दोष. किटल्या तिथंच उतरवल्या. गाडी ठाण्याच्या आवारात गेली आणि कागद तपासून सुटेपर्यंत महिना गेला. त्या दिवशीचं दूध रस्त्याकडेलाच नासलं. पारूबाई दुसऱ्या दिवशी किटली पुन्हा डोक्यावर घेऊन निघाली.

जालिंदर सोलापुरात परत ट्रकवर जाऊ लागला, त्याच व्यापाऱ्याकडं. गाडी धोंडीरामच्या गोठ्याशेजारी उभी राहिली. कुवेतात असताना कंपनीनं वाळूत भोकं पाडायच्या यंत्रासाठी तिच्या मागं पट्ट्याची पुली बसवली होती. धोंडीरामला ती दिसली. दिवाळीनंतर त्यानं धरणाच्या पाण्याच्या कडेला पंप मांडला, गाडी मागं घेऊन पट्टा चढवला आणि ज्वारीला पाणी दिलं. ज्वारी चांगली तरारली. गाडी दिवसभर जागच्या जागी चालत राहायची.

एकदा पाटबंधारे खात्याचे कुणी साहेब तिकडून जाताना थांबले. जालिंदर रविवारचा आला होता.

"सुंदर गाडी आहे हो. विकणार का?"

"पाच वर्सं इकता येत न्हाय."

"मग चालवा की. पंपाला कशाला जुंपलीत?"

"चालवता बी येत न्हाय."

साहेबांना वाटलं हा चेष्टा करतोय. ते हसून निघून गेले.

दुरुस्तीचा कागद डिसेंबरात आला. आठच्या जागी तीन. जालिंदर रजा टाकून बोरवाडीला धावला. धोंडीरामनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"पाळी आर्दी ऱ्हायलीया," तो म्हणाला. "तेवडं पानी हू दे, मग ने."

"दादा, वर्स हुत आलं, मी हिच्या कागदांची वाट बघतुया."

"व्हय रं. पर पीक काय म्हनंल? आन गाडीची घाई तरी कशाला? दूध आता टेंपोत जातंय."

हे जालिंदरला नवीन होतं. तो घाईत आडवाटेनं आला होता. गेल्या पंधरवड्यातच सरकारनं हमरस्त्यापासून गावापर्यंत मुरूम टाकला होता आणि डेअरीचा टेंपो आता थेट देवळापाशी यायचा. पारूबाई खूश होती. तिनंच त्याला मोठ्या कौतुकानं रस्ता दाखवला, आणि जालिंदर त्या लाल मुरमाकडं बघत राहिला. वाईट वाटावं असं त्यात काहीच नव्हतं. तरी त्याला वाईट वाटलं, आणि वाटतंय याची लाज वाटली.

पाणी संपल्यावर त्यानं पट्टा उतरवला, गाडी धुतली, सोलापूरला नेली. साहेबांनी पट्टी पाहिली, कागद पाहिला, शिक्का मारला. शिवयोगींनी पेंटरकडून नंबर लिहून आणला, काळ्यावर पांढरा.

संध्याकाळी भवानी पेठेत गाडी उभी राहिली तेव्हा मुक्ताबाई कारखान्यातून येत होती. आजवर ती एकदाही गाडीत बसली नव्हती. तिनं नंबर वाचला, मग उजवीकडचं दार उघडून आत बसली. पुढं स्टिअरिंग नाही हे पाहून हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

"आता हिचं काय करायचं?" तिनं विचारलं.

"वापरायची."

"कशाला?"

गल्लीत पोरं जमली होती, मागं एक हातगाडीवाला घंटी वाजवत होता. जालिंदरनं चावी फिरवली. दोघं कुठं जायचं ते न ठरवताच निघाले, आणि सदर बझारपर्यंत जाऊन, डिझेल उगाच जळतंय म्हणून, परत आले.