थोडे दिवस येऊ नका

कुठलीही वस्तू आवडली की सिस्टर आधी तिच्यावरून पंजा सावकाश फिरवायच्या, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग किंमत न विचारताच म्हणायच्या, "बांधा. लेकरांना लागतंय."

लेकरं त्यांची नव्हती, भावाची होती. लग्नानंतर दोन वर्षांतच नवऱ्यानं सिस्टरना माहेरी आणून सोडलं. पुढे आईवडील गेले. धाकट्या भावाला त्यांनीच नर्सच्या पगारावर वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं. तो लातूरला कापड दुकानात नोकरीला होता. नांदूरघाटच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर बाळंतपणं करायच्या आणि मी औषधं वाटायचो. अकरा वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती.

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याला दुकानातून रिकाम्या हातानं परत येताच येत नाही. ती वर्षंही तशीच होती. गावात केबल आली होती. पगाराची चिठ्ठी दाखवली की टीव्ही, कूलर, मिक्सर हप्त्यानं घरपोच मिळत होते. महिन्यातून एका रविवारी भाऊ बायकोमुलांना घेऊन यायचा, आणि दर वेळी लेकरांसाठी काहीतरी नवं मांडलेलं असायचं. कधी सायकल, कधी व्हिडिओ गेम. एकदा भावजयीला कानातलं.

"आक्का, कशाला गं एवढं?" भाऊ म्हणायचा.

"गप रे. मला हाय कोण दुसरं?"

मग एका बँकेचा माणूस पगारदारांना क्रेडिट कार्ड देत हिंडला. सिस्टरनी कार्ड घेतलं आणि दसऱ्याला त्याची पूजा केली. हळदकुंकू नेमकं मागच्या काळ्या पट्टीवर लावलं. लातूरच्या दुकानातलं मशीन ते कार्ड वाचेना, तेव्हा दुकानदारानं शर्टाच्या बाहीनं ते पुसलं म्हणे. ही गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या आणि हसून हसून डोळे टिपायच्या.

दीडेक वर्षानं त्यांनी बँकेचं इंग्रजी पत्र माझ्यापुढे ठेवलं. "भाऊसाहेब, बघा बरं काय म्हणतेत. मी तर दर महिन्याला भरतेय."

भरत होत्या, पण बिलावर छापलेली कमीत कमी रक्कम. त्यांना वाटत होतं, बिलच तेवढं असतं. उरलेल्यावर व्याज चढत गेलं होतं आणि आता एकूण देणं त्यांच्या आठ पगारांएवढं झालं होतं. मी समजावून सांगितलं. त्यांनी पत्र उलटं करून मागची बाजूही पाहिली.

"मंजी मी एक बी वस्तू फेडली न्हाई?"

त्या दिवसापासून त्यांचा खर्च मी हातात घेतला. खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठेपणा वाटत होता. ड्रेसिंगच्या कात्रीनं कार्ड कापलं. पतसंस्थेचं कमी व्याजाचं कर्ज काढून बँकेचं देणं मिटवलं. पगार झाला की आधी हप्ता, मग किराणा, उरलेलं पोस्टात. राहता राहिलं ते 'नाही' म्हणणं. दुपारी पेशंट संपले की मी त्यांच्याकडून त्याचाही सराव करून घ्यायचो.

"आत्या, रिमोटची गाडी पायजे," मी म्हणायचो.

"या महिन्यात न्हाई बाळा. पुढच्या महिन्यात घेऊ."

"पुढच्या महिन्यातही नाही, सिस्टर!"

"अवो, पण लेकराचं तोंड बघून कसं म्हणावं?"

"तोंड बघू नका."

पुढच्या रविवारी भाऊ एकटाच आला. मुलीला इंग्रजी शाळेत घालायचं होतं, देणगीला पैसे कमी पडत होते. "न्हाई जमायचं मला," सिस्टर म्हणाल्या. मान खाली घालून, शिकवल्यासारखं. भाऊ गोंधळला. "राहू दे आक्का," एवढंच म्हणाला.

मला तेवढ्यानं भागेल असं वाटेना. लेकरं समोर आली की या पुन्हा उधारीवर काहीतरी आणतील. म्हणून मी भावाला सोडायला स्टँडपर्यंत गेलो आणि कर्जाचं सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला.

"आमाला कायबी ठाऊक न्हाई, साहेब. इचारलं की हसायची."

"थोडे दिवस येऊ नका," मी म्हणालो. "फिटलं की मीच फोन करतो. आणि त्यांना हे कळू देऊ नका, वाईट वाटेल."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "तुमी म्हनता तसं."

तो शब्दाचा पक्का निघाला. सिस्टर एसटीडी बूथवरून लातूरला फोन लावायच्या, तो सुट्टी नाही म्हणायचा. परत येऊन त्या माझ्यासमोर बसायच्या.

"शाळेच्या पैशाला न्हाई म्हनले, त्याचा राग धरलाय त्यानं."

"निवळेल. नाहीतर तुम्हीच जाऊन या."

"रिकाम्या हातानं कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्या दिवाळीत त्यांच्या करंज्या वॉर्डातल्या बाळंतिणींच्या घरच्यांनी खाल्ल्या. पुढच्या दिवाळीत त्यांनी करंज्या केल्याच नाहीत. मला तेव्हाच सांगता आलं असतं. तोंडाशी यायचं, आणि वाटायचं, आणखी चार हप्ते जाऊ द्यावेत.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात शेवटचा हप्ता गेला. पतसंस्थेचा दाखला माझ्यापुढे धरून सिस्टर म्हणाल्या, "फिटलं, भाऊसाहेब. आता कुणी दारात येणार न्हाई." बोलत होत्या त्या पतसंस्थेच्या वसुलीवाल्यांबद्दल. पण बोलता बोलता त्यांची नजर खिडकीबाहेर, स्टँडच्या रस्त्याकडे गेली.

भावाला कळवायचं माझ्याकडे होतं. कळवलं की तो धावत येणार, आणि त्याला मीच अडवलं होतं हे सिस्टरना समजणार. या आठवड्यात करू, दसऱ्याला करू, असं म्हणत मी ढकलत राहिलो. नंबर माझ्या खिशातल्या डायरीत होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी लसीकरणाच्या यादीवर सही करता करता सिस्टर टेबलावर वाकल्या. मला वाटलं, पेन पडला. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते, धावत आले. उपयोग झाला नाही.

मी लातूरला फोन केला, तो त्या दुपारी.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर भाऊ सिस्टरच्या खोलीबाहेर ओट्यावर बसला होता. मी जवळ गेलो, तसा सरकून त्यानं जागा दिली.

"साहेब, राहिलं असंल तिचं काय तर सांगा. मी भरतो."

"काही राहिलं नाही. फिटलं."

"कवा?"

"पावसाळ्यात."

त्याचे ओठ हलले. महिने मोजत असावा. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"लेकरं दर रविवारी इचारायची," तो म्हणाला, "आत्याकडं कवा जायचं म्हनून. मी म्हनायचो, थांबा, साहेबांचा फोन येऊ द्या."