तिचंच रक्त तिच्यावर उठलं

माझी धाकटी बहीण दारव्ह्याला दिली आहे. तिला मेंदूज्वर झाला तेव्हा यवतमाळच्या दवाखान्यात मीच तिच्याजवळ होते. तापानंतर ओठावर पुरळ येतं ना, त्याचाच विषाणू मेंदूत गेला, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. सलाईनमधून औषधं चालली आणि ती बरी होऊन घरी आली. आम्ही सगळे निर्धास्त झालो.

महिनाही झाला नसेल. मी तिला भेटायला गेले. ती ओट्याशी कणीक मळत होती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"तू कोन होय व? माह्या ताईचं तोंड लावून काहून आली?"

गंमत करते आहे असं वाटून मी हसले. ती मागे सरकत भिंतीला टेकली, तेव्हा कळलं, ती मला खरंच ओळखत नव्हती.

दोन दिवसांत तिचं बोलणं बंद झालं. तोंडात काही नसताना जबडा मात्र सारखा चावल्यासारखा हलायचा. बाहेरचं काही लागलं असेल, देवऋष्याकडे नेऊ, असं तिच्या सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, आधी दवाखाना, मग तुमचं काय ते बघा. तिच्या नवऱ्यानं, आमच्या जावयांनी, लगेच गाडी बोलावली.

यवतमाळला, पहिल्या आजारात काढलं होतं तसं, पुन्हा पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं. ते तपासायला बाहेरगावी गेलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीण बाईंनी आम्हाला समोर बसवलं. विषाणू आता नाही, म्हणाल्या. पण त्याच्याशी लढता लढता शरीरानं रक्तात चुकीच्या अँटीबॉडी तयार केल्या, आणि त्या तिच्याच मेंदूवर हल्ला करत आहेत.

"म्हणजे तिचंच रक्त तिच्यावर उठलं?" मी विचारलं.

"हो. पण ती वेडी झालेली नाही. याला औषध आहे."

औषध आहे हे मला ऐकूच आलं नाही. मी नुसती माझ्या मनगटावरच्या निळ्या शिरांकडे बघत बसले. जावयांनी दंडाला धरून उठवलं.

स्टेरॉइड दिली, मशीन लावून त्या अँटीबॉडींसकट रक्तातलं पाणी बदललं. जबडा थांबला. मग एका सकाळी तिनं मला ताई म्हणून हाक मारली आणि चहा मागितला.

आता ती घर सांभाळते. परवा आम्ही दोघी बाजारात गेलो, तर तिला वांग्याचं नाव आठवेना. तिनं बोट दाखवलं आणि स्वतःच हसली. मला हसता आलं नाही.