मंगरूळपीरची मशीन दुपारी बसते

आमच्या वाशीमच्या ऑफिसात दोन गोष्टी कधी संपत नाहीत: सिंकमधले चहाचे कप आणि किस्से. कप निदान सोमवारी धुतले जातात. किस्से मात्र साचतच जातात, आणि त्यातले निम्मे गजूभाऊंचे!

ऑफिस म्हणजे बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली. त्यात मी, राजाभाऊ आणि सोनाली. पुण्याच्या एका कंपनीचा मराठी टेक्स्ट एडिटर आम्ही तिघं सांभाळतो. गजूभाऊंचा मंगरूळपीरला छापखाना आहे, तेही हाच एडिटर वापरतात. एक दिवस त्यांचा फोन आला.

"भाऊ, तुमचा एडिटर सकाळी मस्त पळते अन् दुपारी म्हशीवानी बसते. उठवता उठत नाई!"

दुपारपर्यंत एडिटर कॉम्प्युटरची सगळी मेमरी गिळून टाकायचा. मग माऊससुद्धा हलायचा नाही.

*

पुण्याच्या साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "आमच्याकडे तर असं होत नाही. रिस्टार्ट करायला सांगा."

आम्ही सांगितलं. गजूभाऊ भडकले, "तेच तं करून राह्यलो ना! मी छापखाना चालवतो, का मशीन बंद-चालू करायचं दुकान?"

साहेबही वैतागले. महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर काम पुण्यात घेणार म्हणाले. म्हणजे आमच्या खोलीला कुलूप! सोनाली तर पुण्याची नोकरी सोडून नुकतीच वाशीमला आली होती, आजारी आईजवळ राहता यावं म्हणून. तिचा चेहरा आधी एवढासा झाला, मग लालबुंद.

"बघतेच मी!" म्हणाली.

*

राजाभाऊ आसेगावचे. त्यांच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध, कूलर.

"दुपारीच होते ना? मंग गरमीच!" असं म्हणून त्यांनी ऑफिसचा कूलर उचलला आणि गजूभाऊंच्या कॉम्प्युटरसमोर नेऊन लावला. मेमरीला काडीचा फरक पडला नाही. दोन दिवसांनी राजाभाऊ कूलर परत आणायला गेले, तर गजूभाऊ आडवे आले!

"एडिटर राहू द्या तसाच. कूलर कायले नेता?"

*

सोनालीनं ऑफिसात मोठ्यात मोठी फाइल उघडून पाहिली. मेमरी जागची हलली नाही. दिवसभर टाइप केलं, तरी नाही. शेवटी ती बसनं मंगरूळपीरला गेली आणि गजूभाऊंच्या शेजारी खुर्ची टाकून बसली.

तिथं पहिलाच धक्का. गजूभाऊंच्या सगळ्या लग्नपत्रिका एकाच फाइलीत! नवीन लग्न आलं की जुनी पत्रिका खाली कॉपी करायची आणि नावं 'रिप्लेस ऑल'नं बदलायची. त्यानं सगळ्या फाइलीतलं ते नाव एका फटक्यात बदलतं.

सोनाली ओरडली, "अहो भाऊ, वरच्या पत्रिकांतले सगळे राहुल तुम्ही विशाल करून टाकले!"

"मंग? त्याईचं लगन होऊन गेलं, ताई. आता पत्रिका कोन पाहते!"

*

पण दर 'रिप्लेस ऑल'ला मेमरीचा आकडा उडी मारत होता, हे तिनं हेरलं. बदल मागे घ्यायची वेळ आलीच तर असावी, म्हणून एडिटर दरवेळी अख्ख्या फाइलीची प्रत मेमरीत ठेवत होता. नवरदेव बदलला, ठेव अख्खी फाइल. मामाचं नाव बदललं, ठेव पुन्हा! दुपारपर्यंत तेच वऱ्हाड मेमरीत पुन्हापुन्हा पंगतीला बसलेलं.

"सापडलं!" फोनवर ती इतक्या जोरात किंचाळली की राजाभाऊंच्या हातातला चहा सांडला. मला तर नाचावंसं वाटलं. सोनालीनं दोन दिवसांत दुरुस्ती केली. आता एडिटर बदललेले शब्द तेवढे लक्षात ठेवणार होता.

साहेबांना पटेना. "एका फाइलीत एवढं रिप्लेस ऑल कोण करतं?"

राजाभाऊ म्हणाले, "साहेब, तुमच्या ऑफिसातल्या पोराईनं एवढे लगनं लावले कुठी!"

*

महिन्याचा शेवटचा दिवस. भर लग्नसराई, छापखान्यात गिऱ्हाइकांची झुंबड, त्यात आम्ही तिघंही. साहेब पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. गजूभाऊंनी सकाळपासून नावं बदलायचा सपाटा लावला होता, पण स्क्रीनवर मेमरीची रेघ सरळच्या सरळ. दुपार झाली. दुपार टळली. मशीन काही बसली नाही!

साहेबांनी विचारलं, "गजूभाऊ, आता काही तक्रार?"

"हाव, आहे ना."

सोनालीनं माझी बाही गच्च धरली. राजाभाऊंनी डोळे मिटले.

"साहेब, आधी मशीन बसली का गिऱ्हाईक म्हने, 'जाऊ द्या, उद्या येतो.' मंग मी घरी जाऊन जेवत होतो, थोडा लेटत होतो. आता हे बसतच नाई! पहा, सकाळपासून उपाशी हाओ. दुपारी जेवनापुरती थोडीशी बसवता येईन काय?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "सोनाली, पुढच्या व्हर्जनमध्ये यांच्या जेवणाचं तेवढं बघ."