मिरजगाव ते नगर, आठ टक्क्यांवर

मी मोजमापाचा माणूस आहे. व्हर्नियरवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही... इतका सोपा हिशोब. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर ओलांडून जातो, मांजर आडवं गेलं तर ती मांजराची चूक. या अमानवीय अनुभवांच्या सदरातलं लिखाण मी करमणूक म्हणून वाचायचो आणि खाली कुजकट प्रतिक्रियाही टाकायचो, जुन्या मंडळींना आठवत असेल. आता माझी पाळी आहे, तेव्हा तुम्हीही हात आखडू नका. मला राग येणार नाही. सध्या कशाचंच फारसं काही होत नाही मला.

खरं तर गाड्यांच्या धाग्यावर मी कबूल केलं होतं की इलेक्ट्रिक गाडीचा सहा-आठ महिन्यांचा अनुभव लिहीन. दोनतीन जणांनी आठवणही करून दिली. तो अनुभव हाच आहे, पण त्या धाग्यावर बसणारा नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमचं गाव मिरजगाव, तालुका कर्जत. हायवेला लागून आमचं वर्कशॉप आहे — ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणीयंत्रं, नांगराचे फाळ. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका वेल्डिंग मशीनवर ते सुरू केलं. मी डिप्लोमा करून त्यात लेथ आणले, बाहेरच्या कंपन्यांची कामं आणली. घर वर्कशॉपच्या मागेच. घरात अण्णा, आई, बायको वैशाली आणि मी. मुलगी शिकायला पुण्यात.

गाडी गुढीपाडव्याला घेतली. दोन मोटरची, पुढे एक, मागे एक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक गाडीची नाही. पेडल दाबलं की पाठ सीटला चिकटते, शंभरचा वेग कधी आला ते कळत नाही. आवाज नाही. गावातले लोक बॉनेटला कान लावून विचारायचे, "आरं पन चालू हाय कशावरून?" स्पीडब्रेकरला पोट घासतं, टायर लवकर झिजतात, आणि रात्री लाइट गेली की सकाळी तुमचा दिवस गेला. बाकी तक्रार नाही. आईला पहिल्यांदा पुढे बसवून हायवेला पेडल दाबलं तेव्हा तिने आधी हँडल धरलं, मग हसत सुटली. म्हणाली, "पोटातलं पानी न्हाई हाललं, पोटच मागं राह्यलं!" मग म्हणाली, "आनखी एकदा कर." सहा महिने ती कोणी पाहुणा आला की त्याला गाडीत बसवायला लावायची आणि तो घाबरला की खूश व्हायची.

आता खंडेनवमी. आमच्याकडे ही दिवाळीपेक्षा मोठी. आदल्या दिवशी सगळं वर्कशॉप धुवायचं, लेथ, ड्रिल, ग्राइंडर, हातोड्या, पाने, सगळं पुसून तेल लावून मांडायचं. नवमीला सकाळी हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. मशीन चालू करायचं नाही, स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा उचलायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. अण्णा या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत. एकदा त्या दिवशी कोणाचा तरी ट्रॅक्टर दारात बंद पडला होता, तो दुसऱ्या दिवसापर्यंत दारातच राहिला.

आदल्या संध्याकाळी मी चाकणहून आलो होतो, बॅटरी आठ टक्क्यांवर. वायर लावली आणि झोपलो. रात्रभर लाइट नव्हती. सकाळी सातच्या सुमाराला आली असणार, पण त्याआधीच अण्णांनी पूजा मांडताना चार्जरची वायर गाडीतून काढली, नीट गुंडाळली, तिच्या तोंडाला कुंकू लावलं आणि गाडीला हार घातला. मी पुढे कितीतरी दिवसांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "समद्यांना इसावा, मंग हिलाच काऊन न्हाई?" मी ॲपचे मेसेज बंद करून ठेवलेले. दिवसभर बघितलंच नाही. नवमीला कुठे जायचंय?

दुपारी साडेतीनला आईला घाम सुटला. म्हणाली, "छातीवर कोन बसल्यावानी वाटतंय." गावातल्या डॉक्टरांनी घरी येऊन ईसीजी काढला, जिभेखाली गोळी दिली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "नगरला हलवा. आता, लगेच." बोर्डावर अहिल्यानगर झालंय, पण आमच्या सगळ्यांच्या तोंडात अजून नगरच आहे. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली, यायला पाऊण तास. आमची पिकअप घेऊन ड्रायव्हर सणाला घरी गेलेला. शेजारी कुलूप. मी आईला मागच्या सीटवर वैशालीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपवलं, हार ओढून फेकला आणि बटण दाबलं. आठ टक्के. रेंज एकतीस किलोमीटर.

नगरचं ते हॉस्पिटल आमच्या दारापासून बावन्न किलोमीटर.

अण्णा वर्कशॉपच्या पायरीवर उभे होते. त्यांनी गुंडाळलेल्या वायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. घरात घट बसलेले, दिवा तेवता ठेवायचा म्हणून ते मागे थांबले, की त्यांचे पाय उचलले नाहीत, मला माहीत नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे गणित माहीत आहे. नव्वदने गेलात तर एकतीस किलोमीटर. पण पंचेचाळीसने, एसी बंद करून, धक्का न देता गेलात तर तेवढ्याच बॅटरीत पन्नास-बावन्न निघू शकतात. काठावर. रस्त्यात एका हॉटेलवर चार्जर होता, तो महिनाभर बंद पडलेला. मी ठरवलं — पंचेचाळीस. वाटेत बंद पडण्यापेक्षा हळू पोहोचलेलं बरं. मागून ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते. एक चारा नेणारा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला, त्याच्यासुद्धा मागेच बराच वेळ होतो.

घोगरगाव गेलं तेव्हा आकडा बघितला. आठ. रेंज एकतीस.

तेवढ्या अंतरात एखादा टक्का तरी उतरायला हवा होता. आणखी पुढे गेलो. आठ. एकतीस. मी स्क्रीनवर टिचकी मारली. वर्कशॉपची सवय. कॉम्प्रेसरचा काटा अडकला की आपण काचेवर टिचकी मारतो, तो हलतो. हा हलला नाही.

इथे अण्णांची एक शिकवण सांगितली पाहिजे. मी सोळा वर्षांचा असताना आमच्या कॉम्प्रेसरची टाकी फुटली होती, काटा अडकलेला आणि आत प्रेशर वाढत गेलेलं. कोणी मेलं नाही, पण पत्र्याला भोक पडलं ते अजून आहे. तेव्हापासून अण्णा प्रत्येक नव्या कामगाराला सांगतात, "शून्य दावनारा मीटर परवडला. अडकलेल्या काट्यावर इस्वास ठेवायचा न्हाई." मी त्यांचा पोरगा आणि त्यांचाच कामगार. आकडा अडकला म्हणजे बॅटरीत खरं किती उरलंय ते मला माहीतच नाही. म्हणजे गाडी कोणत्याही क्षणी बंद पडणार. मी वेग आणखी कमी केला. चाळीस.

वैशाली मागून म्हणाली, "अहो, जोरात घ्या ना. हात गार पडायलेत आईंचे."

मी म्हणालो, "कशी घेऊ जोरात? अण्णांनी वायर काढून ठेवली ना!"

ओरडलोच मी. आईला ऐकू गेलं. तिने डोळे उघडले नाहीत, पण स्पष्ट बोलली, "त्यास्नी काय बोलू नगा." त्यानंतर ती काही बोलली नाही. हे रुईछत्तिशीच्या अलीकडे.

रुई गेली, आठ. नगरची पहिली वस्ती दिसायला लागली, आठ. हॉस्पिटलच्या दारात उतरलो तेव्हा स्क्रीनवर आठ टक्के, रेंज एकतीस किलोमीटर. मी मोबाइलने त्याचा फोटो काढला. आईला स्ट्रेचरवर घेत होते आणि मी फोटो काढत होतो. का, ते विचारू नका. मोजमाप नोंदवून ठेवायची सवय, एवढंच सुचतंय.

बावन्न किलोमीटरला सव्वा तासाच्या वर लागला होता. आतले डॉक्टर वीस मिनिटांनी बाहेर आले. तरुण होते, समजावून सांगत होते, पण मला त्यातलं एकच वाक्य आठवतं — "अर्धा तास आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं."

अर्धा तास. ती गाडी तो रस्ता पाऊण तासात आरामात संपवते. आई बाजूला बसून हसत असताना मी तो त्याहून कमी वेळात संपवला होता.

आता तुम्ही म्हणाल, डिस्प्ले हँग झाला असेल, त्यात अमानवीय काय? मीही तेच म्हणालो. चौथ्या दिवशी गाडी तिथल्या पार्किंगमधून काढली आणि जवळच्या फास्ट चार्जरवर लावली. ऐंशी टक्क्यांपर्यंत भरली. किती युनिट गेले ते मशीन दाखवतं. माझ्या बॅटरीचा आकार मला पाठ आहे. आठपासून ऐंशीपर्यंत जेवढे जायला हवेत तेवढेच गेले. म्हणजे बॅटरीत खरोखरच आठ टक्के होते. डिस्प्ले खोटं बोलत नव्हता. बावन्न किलोमीटर गाडी चालली आणि बॅटरीतून काहीच गेलं नाही.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथल्या इंजिनिअरने लॅपटॉप जोडून लॉग काढला. बावन्न किलोमीटर रन, वापर शून्य. तो म्हणाला, "सर, लॉगिंगचा एरर असणार." मी त्याला चार्जरच्या युनिटचा आकडा दाखवला. त्याने कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं आणि मग चहा मागवला. उतार म्हणावा, तर त्या रस्त्याला असा कुठला उतार नाही. आणि मी दोनच गोष्टी सिद्ध करू शकतो, फोटो आणि युनिट. लॉग त्यांनी नंतरच्या अपडेटमध्ये घालवला.

पुढे पंधरा दिवसांनी मी मुद्दाम गाडी आठ टक्क्यांवर आणली आणि त्याच रस्त्याने, एसी बंद, पंचेचाळीसने नगरला गेलो. एकटाच. आकडा शहाण्यासारखा उतरत गेला. घोगरगावच्या पुढे सात, रुईला चार. हॉस्पिटलच्या दारात एक. म्हणजे माझं गणित बरोबर होतं. हळू गेलो तर पोहोचतो, जोरात गेलो तर मध्ये कुठेतरी उभा राहतो. नेहमीच्या दिवशी.

पण तो नेहमीचा दिवस नव्हता. ते मला पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये दिसत होतं, समोर, ठळक आकड्यात. पाय दाबला असता तरी आठचे आठच राहिले असते का? कोणी सांगू शकत नाही. मी दाबून बघितला नाही. अडकलेला काटा म्हणून मी आणखी हळू झालो. काय होतं ते, मला माहीत नाही. देवी म्हणा, आईचं पुण्य म्हणा, काहीही म्हणा, मी आता वाद घालत नाही. जे काही होतं ते आम्हाला पोहोचवायला निघालं होतं आणि मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो. हे लिहिताना रडू यायला पाहिजे. येत नाही.

फोटो मी कोणाला दाखवलेला नाही. वैशालीला माहीत नाही, ती मागे होती, तिचं सगळं लक्ष आईकडे होतं. तिच्या मते जे झालं ते वायरीमुळे झालं. ती अण्णांना वेळेवर जेवायला वाढते, औषध देते, पण समोर बसत नाही. गावात तेच बोललं जातं, "म्हाताऱ्यानं पूजेपायी वायर काढली." आणि अण्णाही तेच मानतात. खंडेनवमीपासून ते वर्कशॉपमध्ये गेलेले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. अंगावर मांस राहिलेलं नाही. दिवसभर ओट्यावर बसतात आणि हायवेकडे बघतात.

मी एक फोटो दाखवला तर ते मोकळे होतात. वायरीने काही बिघडलं नव्हतं अण्णा, बॅटरी पुरेशी होती, मीच हळू चालवली, एवढंच सांगायचंय. पाच महिने झाले. रोज सकाळी ठरवतो. मग वाटतं, सांगितलं की ते माझ्याकडे ज्या नजरेने बघतील, ती नजर मला झेपणार नाही. लाज वाटते का? वाटत असावी.

परवा रविवारी दुपारी जेवायला आम्ही दोघंच होतो. अण्णांनी भाकरी मोडली, खाल्ली नाही. इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं.

"संदीप, एक इचारू? त्या दिशी गाडीत चार्जिंग असतं, तर तुजी आई वाचली असती?"

मोबाइल माझ्या खिशात होता.

मी म्हणालो, "वाचली असती, अण्णा."

त्यांनी मान हलवली. "व्हय," म्हणाले, आणि ताटावरून उठले.