शेठला मागच्या सीटवर बसवलं

नाशिकबाहेर एका मैदानावर आम्ही मुद्दाम गाड्या ठोकतो. महामार्गाच्या कडेला लोखंडी पट्ट्यांचे कठडे असतात, ते नव्या नियमांत बसतात का, हे त्यातून कळतं. बिनचालकाची गाडी केबलने ओढून वेगात कठड्यावर सोडायची. मग माझं काम सुरू. काय मोडलं, किती आत घुसलं, ते मोजायचं आणि फोटो काढायचे. घरच्यांना ही नोकरी विचित्र वाटते. मी ती एका माणसाची वाट बघत धरून ठेवली होती.

तो माणूस म्हणजे कठडे बनवणारा एक शेठ. माझी ताई येवल्याला शिक्षिका होती. पेपर तपासून एका सरांच्या गाडीतून नाशिक रोडला घरी येत होती, मागच्या सीटवर डोळा लागला होता. गाडी घसरली आणि कठड्याच्या टोकावर गेली. जुनी टोकं उघडी असायची, माशाच्या शेपटीसारखी. तो पट्टा पुढच्या दोघांच्या मधून थेट ताईपर्यंत आला. पुढचे दोघे वाचले. पोलीस ठाण्यात हा शेठ माझ्या वडिलांसमोर म्हणाला, "आमचा माल एक नंबर आहे हो. बघा, वाकलासुद्धा नाही." मी ते तोंड नीट बघून घेतलं.

पुढे नियम बदलले, उघडी टोकं बाद झाली, आणि झक मारत शेठला नवं टोक घेऊन आमच्याकडे यावं लागलं. पास झालं तरच त्याचा माल पुढे विकला जाणार होता. त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा, तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलं तरी कुठे होतं!

नव्या टोकाची खुबी अशी की धडक बसली की त्यातले ठरावीक बोल्ट तुटले पाहिजेत, म्हणजे पट्टा दुमडत मागे सरकतो आणि गाडी सावकाश थांबते. चाचणीच्या आदल्या दिवशी त्याची माणसं टोक बसवत होती. बघते तर त्यांनी नेमके तेच बोल्ट वेल्डिंग करून पक्के केले होते. मिस्तरी खुशीत म्हणाला, "शेठनी सांगितलंय, हलायला नाय पाहिजे. लय मजबूत केलंय मॅडम." त्यांच्या इंजिनिअरने न बघताच सही केली. मांडणीबद्दल कारखान्याला सल्ला द्यायची आम्हाला सक्त मनाई आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादा नियम गोड लागला.

सकाळी शेठने कठड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली. ठोकायलाच निघालेल्या गाडीच्या! मीही हात जोडले, पण मागणं वेगळं होतं.

गाडी आली आणि आदळली. बोल्ट तुटले नाहीत. पट्टा काच फोडून, पुढच्या दोन सीटच्या मधून मागे गेला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पोटभर जेवल्यासारखा आनंद झाला.

शेठ घाम पुसत आला. "मॅडम, दुरुस्त करून परत चाचणी कधी घेता येईल?" त्याच्या डोक्यात तेवढंच होतं.

"आधी हे बघून घ्या," मी म्हणाले. "नियम आहे. मालकाने आत बसून नुकसान बघायचं, मगच सही."

असा काही नियम नाही.

पोट आत ओढून तो कसाबसा मागच्या सीटवर बसला. पट्ट्याचं टोक त्याच्या छातीपासून वीतभर लांब होतं. मी दार लावलं आणि त्याला टेकून उभी राहिले.

"बघितलं मॅडम. उघडा."

"इथे माझी बहीण होती," मी फुटक्या काचेतून म्हणाले. "येवल्याच्या शिक्षिका, आठवतात? तुमचा कठडा वाकलासुद्धा नव्हता."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आतून दार ढकललं, मी सगळा भार टाकला. "उघडा हो, जीव घाबरतोय माझा," तो म्हणाला. कॅमेऱ्याजवळची माणसं आमच्याकडे बघायला लागली, तेव्हा मी बाजूला झाले.

पत्रा कापून बाहेर काढेपर्यंत ताई जिवंत होती. तेवढा वेळ तरी मी त्याला आत ठेवायला हवं होतं.