भूल देणाऱ्याची नजर

गोडसर औषधी वास आला, की दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला तो तालुक्याचा दवाखाना आठवतो. तिसगावाहून बैलगाडीने आणलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटाचं ऑपरेशन होतं. उजेडासाठी दार उघडंच ठेवलं होतं. तिच्या नाकावरच्या कापडावर कंपाउंडर क्लोरोफॉर्म ओतत होता. त्याचे डोळे मात्र डॉक्टरांच्या सुरीकडे. तिचे ओठ निळे पडताना मला दारातून दिसले. “अहो, तिच्या तोंडाकडे बघा!” मी ओरडलो. “मास्तर, शाळा तिकडं घ्या. लई जनांना निजवलंय मी,” तो हसला. डॉक्टरांनी वर पाहिलं तेव्हा तिचा श्वास थांबला होता. परवा नातवाच्या ऑपरेशनआधी भूल देणारी डॉक्टरीण म्हणाली, “आजोबा, मी त्याच्या उशाशीच असेन.” बरं वाटायला हवं होतं. मला मात्र त्या कंपाउंडरची मान धरून बहिणीच्या तोंडाकडे वळवावीशी वाटली.