थांबलात की डाग पडतो

किस्से जमवावे लागत नाहीत हो, रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात! आमच्या नॉटिंगहॅमच्या जपानी चित्रकलेच्या क्लासचे तर इतके झालेत की विचारू नका. माझा नवरा निरंजन आणि मी तिथे हौसेने नाही गेलो. त्याच्या ऑफिसात रिडंडन्सी, म्हणजे नोकरकपात, सुरू झाली, आणि आमचा व्हिसा त्याच्याच नोकरीवर! घरी बसून दोघं एचआरच्या मेलची वाट बघायचो आणि एकमेकांवर खेकसायचो. शेवटी मीच म्हटलं, "गुरुवारी संध्याकाळी तरी बाहेर पड बाबा!"

*

हारुकोबाई आमच्या टीचर. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, किमोनोची बाही एका फटकाऱ्यात यायला हवी. ब्रश मनगटातून नाही, खांद्यातून फिरवायचा. मध्ये थांबलात की पातळ कागद शाई पितो आणि डाग पडतो. खोडायचं नाही, वरून गिरवायचं नाही.

निरंजन कळवळून मला म्हणाला, "अगं, इथे 'अनडू'चं बटण नाही?"

त्याच्या चित्रातल्या बायकांना महिनाभर कांजिण्या आल्या होत्या!

*

डाग बघून हारुकोबाई माणूस ओळखतात. आमच्यात केन म्हणून एक रिटायर्ड बस ड्रायव्हर आहे. त्याच्या चित्रातल्या नर्तकीच्या कोपरावर टपोरा डाग पडला. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "इथे काय आठवलं तुला?"

केन पांढराफटक पडला. "ओव्हन चालूच राहिला!" म्हणाला, आणि ब्रश हातात धरूनच पळाला की!

*

एकदा मी हळदीकुंकवाहून तशीच साडीत गेले. झालं! बाई म्हणाल्या, "चाल बघू." माणूस चालतंय हे पायांत नाही, कपड्याच्या काठात दिसतं म्हणे. मी हॉलभर येरझारा घालतेय, पण कान बॅगेकडे. निरंजनचा फोन क्लासमध्ये माझ्याच बॅगेत असतो, नाहीतर तो सारखा मेल बघत बसतो.

सगळ्यांनी निऱ्या, काठ, पदर झकास काढले. चेहरा मात्र एकाच्याही चित्रात नाही! केनला विचारलं, तर म्हणाला, "इतकी घाबरलेली दिसत होतीस, काढवेना गं."

*

आता गेल्या गुरुवारचं. सकाळीच मॅनेजरने निरंजनला सांगितलं होतं, "निर्णयाचा मेल आज येईल." तरी गेलो. काढायची होती मागे वळून बघणारी बाई, मानेपासून टाचेपर्यंत एकच रेघ.

निरंजनने श्वास धरला, ब्रश टेकवला. मीही टेकवला. आणि माझ्या पायाशी बॅग थरथरली!

त्याला पत्ताच नाही. रेघ सरळ टाचेपर्यंत नेऊन त्याने ब्रश उचलला. कागदावरची बाई खरंच वळत होती हो!

"मेल आलाय," मी म्हटलं. मला काही उघडवेना. त्याने उघडला, वाचला, परत वाचला.

"राहिली गं नोकरी!"

मी मटकन खुर्चीत बसले आणि रडायलाच लागले.

हारुकोबाईंना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या एका हातात निरंजनचा स्वच्छ कागद होता आणि दुसऱ्या हातात माझा, मानेवर रुपयाएवढा डाग पडलेला.

"फोन कुणाचा वाजला?"

"ह्याचा," मी नाक पुसत म्हटलं.

त्यांनी दोन्ही कागद पुन्हा एकदा नीट पाहिले.

"मग डाग तुझ्या बाईवर कसा?"